आफ्टरस्कूलचं लायसन्स काढताना: सप्टेंबर ते जून

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज वेळ काढून बसलेय. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात ईस्ट बेच्या बाजूला एक छोटं आफ्टरस्कूल चालवते. म्हणजे शाळा सुटल्यापासून आईबाबा घ्यायला येईपर्यंत मुलांना सांभाळायचं, खायला द्यायचं, होमवर्क करून घ्यायचं, खेळवायचं. २८ मुलांचं लायसन्स आहे. ते हातात पडायला नऊ महिने लागले आणि त्यात दोनदा तरी मी सगळं सोडून द्यायच्या बेतात होते. तेव्हा मराठीत कुणी यावर काही लिहिलेलं मला सापडलं नाही. गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींनी फोन करून तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवू.

सुरुवात रविवारच्या मराठी शाळेतून झाली. तिथे मी सहा वर्षं शिकवत होते आणि मुलांना सोडायला आलेले पालक एकच विचारायचे, की तुमच्या ओळखीत शाळेनंतर सांभाळणारं कुणी आहे का. इकडच्या एलिमेंटरी शाळा अडीच-तीनला सुटतात, बुधवारी तर त्याच्याही आधी, ऑफिस सुटतं सहाला, आणि मधल्या तीन-चार तासांचं काय करायचं हे दोघंही नोकरी करणाऱ्या घरात रोजचं कोडं असतं. एका आईने मला सांगितलं की तिची दुसरीतली मुलगी आठवड्यातून दोन दिवस घरी एकटी असते, दाराला आतून कडी लावून. ते ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिल्यांदा वाटलं होतं की मराठी शाळेसारखंच रोज दुपारी घ्यावं, त्यात काय एवढं. पण ते तसं नसतं. इथे भाषा आणि संस्कृती शिकवणाऱ्या शाळांसाठी ‘हेरिटेज स्कूल’ म्हणून वेगळी व्यवस्था आहे, २०१० मध्ये तसा कायदा झाला, अशी शाळा राज्याच्या शिक्षण विभागाकडे दरवर्षी नोंदवावी लागते आणि तिला चाइल्ड केअरचं लायसन्स लागत नाही. मी त्याचा विचार केला. पण मला जे करायचं होतं त्यात भाषा नावापुरतीच होती, येणारी निम्मी मुलं तर मराठी नव्हतीच, खरं काम सांभाळायचं होतं. मग नाव एक आणि काम दुसरं असं करायला मन तयार होईना. लायसन्सिंगच्या ऑफिसला फोन करून मी काय करणार आहे ते जसंच्या तसं सांगितलं, त्यांनी सांगितलं की तुम्हाला ‘स्कूल-एज चाइल्ड केअर सेंटर’चं लायसन्स लागेल. तुम्ही पण आधी हा फोन करा. ओळखीतल्यांना विचारू नका, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सप्टेंबर २०२३ च्या शेवटी ऑनलाइन ओरिएंटेशन केलं. ते केल्याशिवाय अर्ज करता येत नाही. इथे कळलं की नियमांचं पुस्तक म्हणजे ‘टायटल २२’, आणि पुढचे नऊ महिने ते माझ्या उशाशी होतं असं म्हटलं तरी चालेल. मी दोन शाईच्या पेनांनी वाचलं, निळ्याने जागेबद्दलचं आणि लालने माणसांबद्दलचं. याचा फार उपयोग झाला, कारण जागेची कामं पैसे टाकले की होतात, माणसांची कामं होत नाहीत, त्यांना लागायचा तो वेळ लागतोच.

जागा मात्र लवकर मिळाली. एका चर्चच्या मागच्या बाजूला हॉल होता, तिथे पूर्वी प्रीस्कूल चालायचं, त्यामुळे मुलं ठेवायला सिटीची परवानगी आधीपासून होती. सिटीच्या प्लॅनिंग काउंटरवर जाऊन ती परवानगी आमच्या वयोगटालाही चालते असं पत्र घेतलं. हे पत्र आधी घ्या आणि मगच भाड्याच्या करारावर सही करा. माझ्या ओळखीतल्या एकीने उलट केलं, पाच महिने रिकाम्या जागेचं भाडं भरलं आणि शेवटी ती जागा सोडली.

आता माणसांचं. आम्ही तिघी. मी डायरेक्टर, माझ्याबरोबर एक टीचर आणि एक काकू मदतनीस. माझी पुण्याची बीएड इथल्या हिशोबात बसवायला ती तपासून घ्यावी लागली, ते झालं, पण डायरेक्टरसाठी ॲडमिनिस्ट्रेशनचे ३ युनिट, म्हणजे कॉलेजचे क्रेडिट, लागतात ते माझ्याकडे नव्हते. ते कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला बसून त्याच सेमिस्टरला केले. त्याशिवाय १६ तासांचं आरोग्य आणि सुरक्षेचं ट्रेनिंग, त्यातले निम्मे तास फर्स्ट एड आणि सीपीआरचे, मुलांसाठीचं वेगळं असतं ते. ते क्लास शनिवारी भरतात आणि लवकर फुल होतात, ओरिएंटेशन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाव घालून टाका. मुलाबाबत काही संशयास्पद दिसलं तर कळवायची जबाबदारी आपल्यावर असते, त्याचंही ट्रेनिंग आहे, ते ऑनलाइन आणि फुकट आहे, दर दोन वर्षांनी करायचं.

बोटांचे ठसे. याला ‘लाइव्ह स्कॅन’ म्हणतात. राज्याचे ३२ डॉलर, एफबीआयचे १७, बालछळाच्या नोंदी तपासायचे १५, आणि वर ठसे घेणाऱ्या दुकानाचे त्याचे त्याचे. माझं आणि टीचरचं चार-पाच दिवसांत क्लिअर झालं. काकूंचे ठसे परत आले. परत दिले, परत तेच. काकू साठीच्या जवळ आहेत, उभं आयुष्य भांडी, धुणं आणि स्वयंपाक, बोटांच्या रेषा इतक्या झिजल्यात की मशीनला दिसेनात. त्यांना फार लागलं ते. मला म्हणाल्या, “अगं, मी काय चोर आहे का, माझंच का येईना?” मी त्यांना घेऊन बसले, समजावलं की यात त्यांचा काही दोष नाही, कष्ट केलेल्या हातांचं असंच होतं. दोनदा ठसे नाकारले गेले की एफबीआयकडून नावावरून तपास होतो. तो झाला, पण त्यात महिना गेला. ज्यांचे ठसे क्लिअर नाहीत त्यांना मुलांजवळ कामाला ठेवलं तर दिवसाला १०० डॉलर दंड असतो, त्यामुळे नुसतं मदतीला म्हणूनही कुणाला आत घेऊ नका, आपली आई असली तरी. वयस्कर कुणी स्टाफमध्ये असेल तर त्यांचे ठसे सगळ्यात आधी द्या. जायच्या आधी दोन-तीन दिवस हातांना भरपूर क्रीम लावा असं त्या दुकानातल्या मुलीनेच सांगितलं होतं.

आणि मग टीबी. हा भाग भारतातून आलेल्या प्रत्येकाने वाचावा.

स्टाफमधल्या प्रत्येकाचा डॉक्टरने सही केलेला हेल्थ रिपोर्ट लागतो, फॉर्मचं नाव एलआयसी ५०३, आणि त्यात टीबी नसल्याचं लिहिलेलं लागतं. मी सरळ क्लिनिकमध्ये गेले, नर्सने हातावर ते बारीकसं इंजेक्शन दिलं, दोन दिवसांनी दाखवायला या म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर लाल होऊन टणक फुगलेलं. नर्सने पट्टीने मोजलं आणि चेहरा गंभीर करून म्हणाली पॉझिटिव्ह. मी गाडीत येऊन बसले आणि दहा मिनिटं गाडी सुरूच केली नाही. माझ्या आजोबांना टीबी झाला होता, ते मिरजेला होते कितीतरी महिने, घरात त्या आजाराचं नावसुद्धा हळू आवाजात घेतात. डोक्यात नको नको ते आलं.

घरी आल्यावर आरशात डाव्या दंडावरचा तो व्रण बघितला. आपल्या सगळ्यांच्या दंडावर असतो तो, मधे खोलगट, कडेने चुण्या पडल्यासारखा, चार आण्याच्या नाण्यापेक्षा लहान. बीसीजीची लस. लहानपणापासून बघतेय पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. बीसीजी घेतलेल्यांची ती कातडीवरची टेस्ट आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. इथे लहान मुलांना बीसीजी सरसकट देत नाहीत म्हणून त्या नर्सच्या लक्षात आलं नसावं, आणि मलाही बोलायचं सुचलं नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी टेस्ट असते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती केली, निगेटिव्ह आली. पण एकदा कातडीवरची पॉझिटिव्ह म्हणून नोंद झालेली, त्यामुळे डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे पण काढायला लावला. तीन आठवडे आणि इन्शुरन्स वजा जाऊन १४० डॉलर. काकूंना आणि टीचरला मी सरळ रक्ताच्या टेस्टलाच पाठवलं, दोघींचं चार दिवसांत झालं. तुम्ही पण आधीच सांगा, मला भारतात बीसीजी दिलेली आहे, मला ब्लड टेस्ट द्या.

लसींचंही तसंच. गोवर आणि डांग्या खोकला या दोन्हींचा पुरावा लागतो, फ्लूची दरवर्षी घ्यायची किंवा नको असेल तर तसं लिहून द्यायचं. माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड कुठून आणणार, आईला फोन केला तर म्हणाली ते कोल्हापूरच्या घरी पुरात गेलं. गोवरासाठी रक्त तपासून शरीरात प्रतिकारशक्ती आहे हे दाखवता येतं, ते केलं. डांग्या खोकल्याची लस परत घेतली, हात दोन दिवस दुखला, बाकी काही नाही.

२९ जानेवारी २०२४ ला अर्ज पाठवला. ३० मुलांपर्यंतच्या सेंटरला अर्जाची फी ४८४ डॉलर. सोबत जाडजूड फाइल: हॉलचा नकाशा, महिन्याचा खर्च, आपत्तीचा प्लॅन, भूकंपाची चेकलिस्ट, कामाचं वेळापत्रक, आणि ‘प्लॅन ऑफ ऑपरेशन’ म्हणजे आपण दिवसभर काय कसं करणार ते सगळं लिहून. पाकीट पोस्टात टाकताना हात थरथरत होता खरंच.

तीन आठवड्यांनी पत्र आलं, अर्ज अपूर्ण. पोटात गोळा आला. सात गोष्टी लिहिल्या होत्या. मी नवऱ्याला म्हटलं बास, आपल्याला नाही जमायचं हे. तो म्हणाला आधी वाचून तर बघ. वाचलं तर सातपैकी पाच अर्ध्या तासात होण्यासारख्या होत्या, नकाशावर मापं नव्हती, एका फॉर्मवर तारीख राहिली होती असलं. दोनच खऱ्या होत्या. त्यातली एक, मुलांच्या औषधांबद्दल मी एकच ओळ लिहिली होती. एखाद्या मुलाला दमा असेल, पंप लागत असेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल आणि एपिपेन, म्हणजे जोराच्या ॲलर्जीवरचं पेनसारखं तातडीचं इंजेक्शन, द्यावं लागलं तर ते कोण देणार, कुठे ठेवणार, त्या माणसाला शिकवलंय का, ट्रिपला गेलो तर बरोबर कोण नेणार, हे सगळं लिहून हवं होतं.

मी ते लिहायला बसले तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आपण पोह्यात सहज मूठभर शेंगदाणे टाकतो. आमच्या खाऊच्या यादीत सोमवारी पोहे होते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आलं आणि त्या दिवशी मी बाथरूममध्ये असले आणि काकूंनी ताटली दिली तर? मग मी त्या एका कागदावर चार रात्री घालवल्या. शेंगदाणे स्वयंपाकघरातूनच काढून टाकले, पोहे मटार घालून करायला लागलो. खाऊची यादी आठवडाभर आधी लावायची असते आणि ऐन वेळी काही बदललं तर तसं लिहायचं, आणि ज्या मुलाला जे चालत नाही त्याची खूण स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूला. आज आमच्याकडे दोन मुलांची एपिपेन आहेत, मुलांचा हात पोहोचणार नाही पण आमचा दोन सेकंदांत पोहोचेल अशा ठिकाणी, आणि आम्ही तिघी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ट्रेनिंगच्या पेनने सराव करतो.

एप्रिलमध्ये फायरवाले आले. ही तपासणी लायसन्सिंगचं ऑफिसच मागवतं, आपण बोलावायची नाही, पण आपल्या गावच्या ऑफिसला फोन करून विनंती पोहोचली का हे विचारायला हरकत नसते, मी दोनदा केला. आलेले गृहस्थ अतिशय सज्जन होते. मागच्या दाराला आतूनही किल्लीने उघडायचं कुलूप होतं, ते काढायला सांगितलं, कारण धुरात किल्ली कोण शोधणार, दार आतून एका हाताने उघडलं पाहिजे. एक्झिटच्या पाटीची बॅटरी मेलेली होती. फायर एक्स्टिंग्विशरच्या टॅगची तारीख उलटून गेली होती. हीटरमागे एक एक्स्टेन्शन कॉर्ड कायमची लावलेली होती. सगळं मिळून ३१० डॉलर आणि दहा दिवस. दुसऱ्यांदा आले आणि पास करून गेले. जाताना म्हणाले ड्रिल घ्याल तेव्हा मुलांना एकदा मागच्या दारानेही न्या, आग काय पुढचंच दार मोकळं ठेवेल असं नाही. नियमाने सहा महिन्यांतून एकदा ड्रिल पुरतं, आम्ही दर महिन्याला घेतो, एकदा पुढून एकदा मागून, आणि भूकंपाचं वेगळं.

१४ मे ला लायसन्सिंगच्या ॲनालिस्ट बाई आल्या, लायसन्स देण्याआधीची तपासणी. मी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत हॉल पुसत होते, त्याची खरं तर काही गरज नव्हती, त्यांनी फरशी बघितलीच नाही. त्यांनी मापं घेतली. आत दर मुलामागे ३५ चौरस फूट लागतात, बाहेर खेळायला ७५. भिंतीतली कपाटं वजा करून हॉल १,०६० चौरस फूट भरला, म्हणजे ३० मुलं. दर १५ मुलांना एक टॉयलेट, आमची दोन. आणि एका टीचरकडे १४ मुलं, टीचर आणि मदतनीस मिळून २८, म्हणून मी २८ च मागितली होती. नळाचं गरम पाणी थर्मामीटरने बघितलं, १०५ ते १२० फॅरनहाइटच्या मधे हवं, आमचं १२६ होतं, तिथेच खाली केलं. सिंकखालचं कपाट उघडून बघितलं, फिनाइल, ब्लीच, सगळं कुलपात हवं. पुस्तकांचं कपाट हलवून बघितलं, भिंतीला पट्ट्यांनी बांधलेलं होतं ते बघून मान हलवली. आजारी मुलाला वेगळं झोपवायची जागा विचारली. पिण्याचं पाणी आतही हवं आणि बाहेर खेळाच्या जागेतही.

मग आम्ही मागच्या अंगणात गेलो. कुंपण चार फुटांपेक्षा उंच, त्यात काही अडचण नव्हती. त्या कुंपणाशी जाऊन थांबल्या आणि म्हणाल्या हे झाड कसलं आहे तुम्हाला माहीत आहे का.

गुलाबी फुलं, लांबट टोकदार पानं, फांद्या कुंपणावरून आत झुकलेल्या, खाली गवतावर फुलांचा सडा. कण्हेर. मला माहीत नसायला काय झालं, आमच्या दारातच होती, आजी रोज पाटीभर तोडून देवाला वाहायची. मी तर हॉल बघायला आले तेव्हा ती कण्हेर बघूनच मला ही जागा आपली वाटली होती. कॅलिफोर्नियात फ्रीवेच्या मधोमध मैलोन् मैल लावलीय ती, पाणी लागत नाही म्हणून. आणि अंगभर विष. पान, फूल, देठ, सगळं. आजीच म्हणायची, तोडून झाली की हात धू, गुरांनी तोंड लावलं तर वाचत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी सहा महिने मी त्या अंगणात येत-जात होते आणि एकदाही मनात आलं नाही की सहा वर्षांचं पोर खेळता खेळता ते पान चावेल किंवा भातुकलीत फुलं “खाऊ” म्हणून दुसऱ्याला देईल. देवाचं फूल म्हणूनच बघत राहिले.

मला तिथेच रडू आलं. बाई शांतपणे म्हणाल्या, बरं झालं मुलं यायच्या आधी दिसलं. चर्चच्या माणसांनी त्याच आठवड्यात मुळासकट काढली, पानं वेचायला आम्ही सगळे गेलो, हातमोजे घालून, काकूंनी गुडघ्यावर बसून एकेक पान उचललं. तुमच्याकडे अंगण असेल तर आधी झाडं ओळखून घ्या, आपल्या ओळखीची असतील तर जास्तच नीट बघा.

२४ जून २०२४ ला लायसन्स आलं. दाराशेजारी लावलं. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या तेव्हा पहिल्या दिवशी अकरा मुलं आली, दिवाळीपर्यंत बावीस झाली. घरी कडी लावून बसणारी ती मुलगीही येते.

लायसन्सनंतरची एक गोष्ट बरेच जण विसरतात म्हणून सांगते, पाण्यातल्या शिशाची तपासणी. इमारत २०१० च्या आधीची असेल तर लायसन्स मिळाल्यापासून १८० दिवसांत करायची, नंतर दर पाच वर्षांनी. आमची ऑक्टोबरमध्ये झाली. नमुना घेणारा माणूस सकाळी साडेसहाला आला, कारण नळ आधी आठ ते अठरा तास बंद असावे लागतात, रात्रभर पाइपात साचलेलं पहिलं पाणीच धरायचं असतं. मी रात्रीच सगळ्या नळांवर चिकटपट्टी लावून कागद चिकटवले होते, हात लावू नका म्हणून. २५० मिलीच्या बाटल्या, प्रत्येक नळाची एक. स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली धरली तेव्हा पाणी इतकं स्वच्छ, चकचकीत दिसत होतं. त्यातच ७ पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत सात भाग, शिसं निघालं. मर्यादा ५ ची. त्याच नळाने आम्ही सरबत करत होतो. रिपोर्ट आला त्या क्षणी तो नळ बंद केला, पालकांना त्याच संध्याकाळी लिहून कळवलं, एकेकाशी बोलले. दोन पालक रागावले, त्यांचं बरोबरच होतं. प्लंबरने सांगितलं की नळच जुन्या पितळेचा आहे, तो आणि खालचा व्हॉल्व्ह बदलला, परत तपासणी केली, शिसं सापडलं नाही. तेवढे दिवस बाटलीचं पाणी आणलं. तुम्ही कराल तेव्हा सल्ला एवढाच, १८० दिवसांची वाट बघू नका, मुलं यायच्या आधीच तपासून घ्या, मला याचीच चुटपुट लागून राहिलीय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका मंगळवारी दुपारी पावणेचारला दारात लायसन्सिंगच्या ॲनालिस्ट बाई उभ्या. न सांगता येतात, तसंच अपेक्षित असतं. मुलं नुकतीच आलेली, दप्तरं इकडे तिकडे, एक जण रडत होता. आधी त्यांनी डोकी मोजली, मग मोठी माणसं मोजली. मग दुसरीतल्या एका मुलाला बाजूला घेऊन गप्पा मारल्या, इथे दंगा केला तर काय होतं, भूक लागली तर काय मिळतं, असं. आपण तेव्हा लांब राहायचं. तो क्षण अवघड गेला, पण मूल मोकळेपणी बोलतं की नाही हे त्यांना दुसरं कसं कळणार.

बाकी सगळं ठीक निघालं. एक त्रुटी लिहिली. मुलाला सोडताना आणि नेताना पालकाने पूर्ण सही करायची असते आणि वेळ लिहायची असते. आमच्या कागदावर बऱ्याच जणांनी नुसती आद्याक्षरं किंवा एक फराटा मारला होता, आणि तीन ठिकाणी वेळच नव्हती. हे ‘टाइप बी’मध्ये येतं. ‘टाइप ए’ म्हणजे मुलाला लगेच धोका, ते पालकांना द्यावं लागतं आणि ३० दिवस दारावर लावावं लागतं. ‘बी’ म्हणजे वेळेत सुधारलं नाही तर धोका होऊ शकतो. बाईंनी रिपोर्ट वाचून दाखवला, दुरुस्तीची तारीख ठरवली, सही घेतली. पटत नसेल तर अपील करता येतं तेही सांगितलं. मला पटत होतं. आग लागली आणि आम्ही बाहेर आलो तर कोणतं मूल घरी गेलंय आणि कोणतं आत राहिलंय हे त्या एका कागदावरूनच कळणार.

पालकांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, रिपोर्ट सरकारी साइटवर कुणालाही वाचता येतो तेव्हा आपणच आधी सांगावं. आता काकू दारात कागद आणि पेन घेऊनच उभ्या असतात, सही झाल्याशिवाय दप्तर देत नाहीत. एकाचे आजोबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, तेच घ्यायला येतात, न्यायला परवानगी असलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव घालून घेतलं. त्यांची सही मराठीत असते. ते चालेल का म्हणून मी ॲनालिस्ट बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या ते सगळीकडे जशी करतात तीच त्यांची सही. दुरुस्तीचे कागद तारखेच्या चार दिवस आधी पाठवले, आठवड्याने क्लिअर झाल्याचं पत्र आलं.

आता वर्षाची फी २४२ डॉलर असते ती भरायची, काकूंचं सीपीआर परत करायचंय, आणि पाण्याची पुढची तपासणी २०२९ मध्ये, ती आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवलीय. कुणाला माझा औषधांचा प्लॅन किंवा सह्यांच्या कागदाचा नमुना बघायला हवा असेल तर सांगा, मुलांची नावं काढून पाठवते.